सासूबाईंची जनावरं

सासरे गेल्यानंतर आई कल्याणजवळच्या मोहने गावातली खोली बंद करून आमच्याकडे ठाण्यात वर्तकनगरला राहायला आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सोबत दोन सुटकेस, त्यांचा जुना कुकर आणि कुंडीतलं कढीपत्त्याचं झाड. आमचं पटत नव्हतं असं नाही. पटायला किंवा न पटायला जेवढं बोलणं व्हावं लागतं, तेवढं होतच नव्हतं. "चहा ठेवू?" "ठेव." "भाजी कुठली करू?" "कुठलीही चालेल गं." मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. संध्याकाळी मी दमून आले की त्या टीव्ही बंद करून आत जायच्या, मला शांतता मिळावी म्हणून. आणि मला वाटायचं, मी आले म्हणून उठल्या.

रविवारी दुपारी मात्र घर भरायचं. आम्ही एक खेळ खेळतो. लहानपणी 'तू चोर, मी पोलीस' खेळायचो, त्याचंच हे मोठ्यांचं रूप म्हणा. एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. टेबलावर नकाशा पसरलेला असतो, त्यात जंगलं, किल्ले, गुहा. आपल्या पात्राने काय करायचं ते ज्याने त्याने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. गोष्ट चालवणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्यात ती मी. म्हणजे त्या दुनियेतली गावं माझी, हवामान माझं आणि मुख्य म्हणजे राक्षस माझे.

खेळायला तिघं होते. माझा नवरा जादूगार होता आणि स्वतःचेच मंत्र विसरायचा. डोंबिवलीहून येणारी माझी कॉलेजची मैत्रीण चोर होती. ती कुठल्याही दाराला आधी कान लावायची आणि मगच बोलायची. तिसरा नवऱ्याचा मित्र, टिटवाळ्याचा. आठवडाभर बँकेच्या काउंटरवर अतिशय सौम्यपणे बसणारा हा माणूस रविवारी आमच्याकडे येऊन तलवार उपसायचा. समोर काहीही येवो, त्याचं वाक्य ठरलेलं असायचं. "मी मारतो."

आणि तो खरंच मारायचा. ही माझी अडचण होती. मी आठवडाभर डोकं खाजवून राक्षस तयार करायचे आणि चहा यायच्या आत त्याचा मुडदा पडलेला असायचा.

त्या रविवारी मी एक कोरडं गाव आणि गावात एकच विहीर ठेवली होती. विहिरीत हडळ. मी कोकणातली, माझ्या माहेरी रस्त्याच्या प्रत्येक वळणाला एकेक भूत वाटून दिलेलं आहे, त्यामुळे साठा मला कधी कमी पडला नव्हता. मी आवाज खाली आणून सांगितलं, "विहिरीतून एक बाई वर येते. केस मोकळे. पाय उलटे."

"मी मारतो," टिटवाळेकर म्हणाला. फासा टाकला. हडळ मेली.

आई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून मटार सोलत बसल्या होत्या. सगळे गेल्यावर मी कप विसळत होते, तेव्हा शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"एक विचारू का गं?"

"विचारा ना."

"ती विहिरीतली बाई. ती खाते काय?"

मला प्रश्नच कळला नाही. "माणसं," मी म्हणाले.

"बरं. आणि विहिरीत माणसं पडणार कितीशी? बाकीचे दिवस उपाशी राहते?"

"आई, भूत आहे ते."

"म्हणूनच तो तुझा बँकवाला घाबरत नाही," त्या म्हणाल्या. "त्याला माहितेय की ते खोटं आहे. आमच्या घरात हे भूत, करणी, उतारे कधी नव्हतंच. लहानपणी आम्ही कशाला भ्यालो की वडील हाताला धरून थेट तिथेच न्यायचे. जा, हात लावून बघ म्हणायचे. हात लावला की चिंचेचं खोड निघायचं." त्यांनी एक कप माझ्या हातातून घेतला आणि पुसायला लागल्या. "खेळ आहे, खेळा की. पण भीती घालायचीच तर खरी घाल."

"खरी म्हणजे?"

"नारू माहितेय तुला?"

मला नव्हता माहीत. आई एका सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होत्या. सगळी नोकरी त्यांनी मायक्रोस्कोपवर वाकून काढली. हे मला ठाऊक होतं, पण सासूचं शिक्षण आणि नोकरी सांगताना आपण जसं सांगतो तेवढंच. त्या दिवशी ओट्याला टेकून त्यांनी मला नारू सांगितला. त्यांच्या वडिलांच्या गावाकडे पूर्वी तो असायचा. पाण्यातून पोटात जातो, आतल्या आत वाढतो, हातभर लांब होतो आणि पायाच्या कातडीखाली येऊन बसतो. मग तिथे फोड येतो आणि आग व्हायला लागते.

"अशी आग की माणसाला काही सुचत नाही. तो काय करतो? धावत जातो आणि पाय पाण्यात घालतो. घातला की बरं वाटतं. पण तेच तर त्या जंताला हवं असतं. पाय पाण्यात गेला की तो आपली पिल्लं पाण्यात सोडतो. पुढचा माणूस तेच पाणी पितो." त्यांच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेली चमक होती. "बघ ना. माणसाला वाटतं, मी माझ्या मनाने पाण्याकडे चाललोय. आणि चालवतोय तो."

मी नळ बंद केला. "हा खरा आहे?"

"होता. आपल्याकडून गेला. जगातूनही जवळजवळ गेलाच म्हणतात." आणि मग अगदी सहज, कप फळीवर ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि लक्षात ठेव, जो माणसाला लगेच मारतो तो अडाणी जंतू. हुशार जंतू माणसाला जगवतो."

पुढच्या रविवारी त्याच गावात पुन्हा गोष्ट सुरू झाली. हडळ मेली तरी गाव सुधारलं नव्हतं. लोकांचे पाय जळत होते आणि सगळे विहिरीच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसले होते, हसत, समाधानाने. कुणी उठायला तयार नाही. शेतं ओस, गुरं सुटलेली. टिटवाळेकराने विहिरीत तलवार खुपसली. मी म्हणाले, "पाणी हललं." त्याने पुन्हा खुपसली. "पुन्हा हललं." तो माझ्याकडे बघत राहिला. "अगं पण मारू कुणाला?"

मग नवऱ्याच्या जादूगाराचा पाय जळायला लागला, कारण मागच्या खेपेला तो ते पाणी प्यायला होता. आता मात्र तिघंही खुर्चीत सरळ झाले. वाद घातला, गावकऱ्यांना विचारलं, विहीर बुजवायची का यावर भांडले. शेवटी माझ्या मैत्रिणीने कान लावायचं सोडून डोळे लावले. "पाण्यात काहीतरी बारीक आहे, बरोबर ना? मग मी माझा अंगरखा फाडते. फडक्यातून गाळूनच पाणी प्यायचं, सगळ्या गावाने. आणि पाय जळणाऱ्यांना पायरीवर येऊ द्यायचं नाही."

"बरोब्बर!" स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडल्या. "असंच केलं होतं! असंच घालवला त्याला!" आणि टाळी वाजवून हसल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांचं ते मोठं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर मी राक्षस एकटीने करणं सोडून दिलं.

इंटरनेटवरून मी एक भलामोठा डिजिटल राक्षसकोश विकत घेतला होता, नुसत्या चित्रांनी भरलेला. संध्याकाळी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून आम्ही दोघी तो चाळायला लागलो. आई चष्मा नाकावर ओढून एकेक पान बघायच्या, भाजीवालीकडे वांगी बघावीत तसं. बहुतेक सगळे नापास व्हायचे.

"याला सहा पाय आणि वर पंख. हाडं जोडलीत कुठे?"

"हा? हा दात दाखवतोय म्हणजे भ्यालाय. याला एकटं सोड, जाईल निघून."

"ही बाई निम्मी साप. मग ती पावसाळ्यात काय करते आणि थंडीत काय करते? थंडीत झोपायला हवी. कुणी लिहिलंय का ते? नाही लिहिलं."

मी म्हणायचे, "आई, एवढा विचार कुणी करत नाही."

"मग त्यांना कंटाळा येत असेल," त्या म्हणायच्या.

ड्रॅगनवर आम्ही आलो तेव्हा मला वाटलं, हा तरी पास होईल. सोन्याच्या ढिगावर झोपलेला प्रचंड ड्रॅगन, नाकातून धूर. आई बराच वेळ बघत राहिल्या. "सोनं कशाला हवं याला?"

"लोभी असतात ड्रॅगन."

"बाजारात जाणारे का तो?" त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "पोटात आग आहे ना याच्या? मग याचा जीव सारखा तलखत असणार. धातू गार असतो. उन्हाळ्यात आपण फरशीवर आडवे होतो तसा हा सोन्यावर पडलाय. याला गारवा हवाय, बाकी काही नको."

मी ते चित्र कितीतरी वर्षं बघत आलेय, निरनिराळ्या पुस्तकांत, गेममध्ये, टी-शर्टवर. मला हे कधी सुचलं नाही. माझ्या माहितीतल्या कुणालाच सुचलं नाही. पुढे आमच्या खेळात एक ड्रॅगन आला आणि तिघांनी त्याला डोंगरावरच्या बर्फाच्या तळ्याचा रस्ता दाखवून सोन्यावरून उठवलं. टिटवाळेकर घरी जाताना लिफ्टपाशी थांबून म्हणाला, "काकू, पहिल्यांदा ड्रॅगनची दया आली यार."

तोपर्यंत आईंची खुर्ची दारातून टेबलापाशी आली होती.

सगळी जनावरं जमायची असं नाही. त्यांनी एकदा बुरशीचा एक राक्षस केला, त्याची इतकी माहिती होती की खेळायला वेळच उरला नाही. नवरा टेबलावर डोकं ठेवून झोपला. पण एक मात्र असं जमलं की आम्ही अजून त्याच्यावर हसतो. ते जनावर म्हणजे एक रांग होती. मांजराएवढे करडे प्राणी, प्रत्येकाने पुढच्याचं शेपूट तोंडात धरलेलं. प्रत्येकाला वाटतं, पुढच्याला माहीत आहे कुठे जायचं. त्यांच्याजवळ जो कुणी उभा राहील तोही नकळत रांगेत लागतो. आमचे तीनही शूरवीर त्या रांगेत लागले आणि दुपारभर लागून राहिले. "पुढे काय आहे?" "कळत नाही, पण लोक उभे आहेत म्हणजे असेल काहीतरी." रांग गोल आहे हे शेवटी माझ्या मैत्रिणीच्या लक्षात आलं. आईंना विचारलं, हे कुठून सुचलं, तर म्हणाल्या, "लॅबच्या खिडकीतून ओपीडी दिसायची."

त्या कुठल्याच जनावराला नाव देत नसत. मी नावासाठी मागे लागायचे, निदान नकाशावर लिहायला तरी. त्या नको म्हणायच्या. नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो, असं त्यांचं मत. लॅबमध्ये नवीन येणारी मुलं नाव ओळखलं की लगेच स्लाइड काढून टाकायची, याचा राग त्यांच्या मनात अजून होता.

मग एके दिवशी, पोळ्या लाटताना, त्यांनी ते दारातलं जनावर सांगितलं.

मी म्हटलं होतं, एक पडका किल्ला आहे, त्याच्या मुख्य दारात काय ठेवू? दोन पोळ्या लाटून झाल्या. मग म्हणाल्या, "बैलापेक्षा मोठं असं एक जनावर कर. म्हातारं. दिवसभर ते रानात असतं, कुणाला त्रास नाही. पण रोज ठरल्या वेळी किल्ल्याच्या दाराशी येतं आणि आत जातं. मध्ये कुणी उभं असेल तर तुडवतं. आत जाऊन अंगणात उभं राहतं. थोड्या वेळाने परत जातं."

"का येतं?"

"पूर्वी तिथे घंटा होती. घंटा वाजली की ते यायचं. आता घंटा नाही."

मी तव्यावरची पोळी उलटायची विसरले. त्यांनी ती उलटली आणि मग सासऱ्यांचं सांगितलं. ते मोहन्याच्या ज्या कंपनीत कामाला होते, तिचा भोंगा. त्या भोंग्यावर सगळ्या वस्तीची घड्याळं चालायची, भाताचा कुकर भोंग्यावर चढायचा, पोरं भोंग्यावर शाळेला निघायची. कंपनी बंद झाली आणि भोंगा थांबला. पण सासरे सकाळी त्या वेळेला उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहायचे.

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"काही नाही. डबा भरून द्यायचे."

"डबा? पण जायचे कुठे ते?"

"नदीवर जाऊन बसायचे. दुपारी परत. पुष्कळ दिवस चाललं ते, मग आपोआप थांबलं." त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. "त्यांना मी सांगायला हवं होतं का, की आता भोंगा नाही? त्यांना माहीतच होतं की. पायांना माहीत नव्हतं."

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. तो त्या काळात पुण्याला होस्टेलवर होता.

त्या रविवारी मी ते जनावर जसंच्या तसं खेळात आणलं. टिटवाळेकर दारात उभा राहिला. "मी मारतो." फासा बरा पडला, जनावराच्या खांद्यात तलवार गेली. ते ओरडलं नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. त्याला तुडवून आत गेलं, अंगणात उभं राहिलं आणि रक्त गळत असताना तसंच परत गेलं. खेळातल्या दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आलं. या वेळी मैत्रीण भिंतीवर चढून बसली आणि तिने अंगणात काय चाललंय ते नुसतं पाहिलं. "ते काहीच करत नाहीये," ती हळूच म्हणाली. "नुसतं उभं आहे. वाट बघतंय."

"कुणाची?" टिटवाळेकराने विचारलं.

नवरा नकाशाकडे बघत होता. मग त्याने आईंकडे बघितलं. आई मटारची टरफलं गोळा करण्यात गुंतल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या. तो उठून स्वयंपाकघरात गेला. नळ बराच वेळ चालू राहिला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा धुतलेला होता. "मी दार पूर्ण उघडतो," तो म्हणाला. "आणि बाजूला उभा राहतो." टिटवाळेकराने तलवार टेबलावर ठेवल्यासारखा हात केला. जनावर त्या दोघांच्या मधून आत गेलं.

आमच्याकडे इतका शांत रविवार त्यानंतर झालेला नाही.

थोड्याच दिवसांनी ठाण्यात अशा खेळांचा एक मेळावा भरला. एका शाळेचं सभागृह, वीसेक टेबलं, प्रत्येक टेबलावर अनोळखी माणसं एकत्र येऊन खेळणार. मी एक टेबल चालवायचं कबूल केलं होतं आणि दारातलं जनावर न्यायचं ठरवलं होतं. आदल्या दिवशी माझा घसा बसला. म्हणजे पूर्ण बसला. तोंडातून हवेशिवाय काही निघेना. मी आईंना खुणेने विचारलं. त्या म्हणाल्या, "वेडी का तू?" आणि सकाळी निळी सुती साडी नेसून तयार होऊन बसल्या.

टेबलावर पाच-सहा कॉलेजची मुलं-मुली होती. काळे टी-शर्ट, एकाच्या गळ्यात कवटी. त्यातल्या एकाने माझ्याकडे बघून विचारलं, "आजी चालवणारेत?" मी मान हलवली. त्याने शेजारच्याकडे बघून भुवई उडवली. आईंनी ती पाहिली आणि खेळ सुरू केला.

त्या सुरेख बोलल्या. मी गोष्ट सांगते तेव्हा हातवारे करते, आवाज काढते. त्यांनी यातलं काही केलं नाही. रिपोर्ट वाचून दाखवावा तसं एकेक सांगत गेल्या. दाराच्या उंबऱ्याचा दगड मध्येच झिजलेला. अंगणात लांबट, खोलगट दगडी डोणी, आतून गुळगुळीत. वर तुळईला दोर घासल्याची खूण. मुलं ऐकत होती, पण त्यांचे कान लढाईकडे होते. जनावर आलं तसे सगळे एकदम तुटून पडले. फासे भलतेच चांगले पडले. एकाने आग लावली, दुसऱ्याने बाण मारले, आणि ते म्हातारं जनावर दारातच कोसळलं. मुलांनी आरडाओरडा करून एकमेकांच्या हातावर हात मारले. "येस! लोळवला साल्याला!"

मला बोलता येत नव्हतं, नाहीतर मी नक्की काहीतरी बोलून बसले असते. मी आईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा जराही बदलला नव्हता. त्यांनी मुलांचा गोंगाट संपू दिला.

"मेलं," त्या म्हणाल्या. "बरं. आता पोट उघडून बघा."

मुलं गोंधळली. "का? आत खजिना आहे?"

"मला काय माहीत? तुम्ही मारलंय, तुम्ही बघा. पोट बघितल्याशिवाय कळत नाही कोण होतं ते."

कवटीवाल्याने हसत हसत सांगितलं, "ओके, मी सुरीने पोट फाडतो."

"गवत आहे. वाळलेलं, थोडंसं. बाकी रिकामं."

"माणसांची हाडं वगैरे?"

"नाहीत."

"मग आमच्यावर का आला तो?"

"तुम्ही दारात उभे होता," आई म्हणाल्या.

टेबलावरचं हसू विझलं. एक मुलगी, जी इतका वेळ फारशी बोलली नव्हती, ती म्हणाली, "थांबा. ती दगडाची डोणी. तिच्यात काय आहे?"

"काही नाही. कोरडी आहे. आतून चाटून चाटून गुळगुळीत झालीय."

"आणि वर दोराची खूण..." ती मुलगी स्वतःशीच बोलायला लागली. "इथे काहीतरी टांगलेलं होतं. घंटा? घंटा वाजवून कुणीतरी याला खायला घालायचं का?" तिने आईंकडे बघितलं. आईंनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पण त्या तिच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती नजर मला ओळखीची होती. मटार सोलताना माझ्या मैत्रिणीकडे त्यांनी असंच बघितलं होतं.

"पाळलेला होता तो," मुलगी म्हणाली. "शिट यार."

मग कवटीवालाच म्हणाला, अगदी हळू, "आपण याला पुरूया का?"

"जमीन कडक आहे," आई म्हणाल्या. "जनावर मोठं आहे. फासा टाका."

त्यांनी फासा टाकला. मनासारखा पडला नाही. पुन्हा टाकला. आईंनी त्यांना फुकटात काही दिलं नाही. प्रत्येकाला खणायला लावलं, दमवलं, एकाची कुदळ मोडली. शेजारच्या टेबलावरचे लोक ड्रॅगनशी लढत होते, आणि इथे ही मुलं माना खाली घालून एका खोट्या जनावरासाठी खोटा खड्डा खणत होती. खणून झाला तेव्हा त्या मुलीने विचारलं, "आजी, त्याचं नाव काय होतं?"

"मला नाही माहीत," आई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

परत येताना रिक्षात मी मोबाइलवर लिहून त्यांना दाखवलं, 'वाईट वाटलं का? त्यांनी मारलं तेव्हा?' आईंनी चष्मा वर करून वाचलं.

"नाही गं. त्यांना कुठे माहीत होतं." कॅडबरी जंक्शनचा सिग्नल लागला होता. त्या बाहेर बघत होत्या. "पण त्यांनी विचारलं ना नंतर. विचारणारी होती पोरं."

मी त्यांचा हात धरला. याआधी कधी धरला नव्हता. त्यांनी सोडवून घेतला नाही, मात्र सिग्नल सुटल्यावर रिक्षावाल्याला डावीकडे घे म्हणून सांगायला तोच हात उचलला.

मी राक्षसांवर पुष्कळ वाचलंय. जगभर लोक त्यांची चित्रं काढतात, त्यांची ताकद आकड्यांत मांडतात, कुठला जास्त भयंकर यावर भांडतात. आईंनी यातलं काही वाचलेलं नाही. पण एखादं जनावर समोर आलं की त्या आधी त्याच्या बाजूने उभ्या राहतात, मग आमच्या. मला हे अजून नीट जमत नाही. माझं जनावर अजूनही थोडं दात दाखवूनच येतं.

त्या मेळाव्यातल्या मुलांनी आईंचा नंबर मागून घेतला होता. आता दर शनिवारी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात त्यांचं वेगळं टेबल बसतं. आई चालवतात, आणि मी तिथे नुसती खेळाडू आहे. माझी पहिली योद्धी त्यांच्या एका शेवाळाने कधीच संपवली, आता दुसरी आहे. ती कमी बोलणारी मुलगी कल्याणला चित्रकला शिकते. तिने आईंची सगळी जनावरं कागदावर उतरवायला घेतली आहेत. आईंना स्वतःला चित्र काढता येत नाही, साधा आंबा काढला तरी वांगं होतं, पण चूक मात्र लगेच दिसते.

गेल्या शनिवारी खेळ संपल्यावर बाकीचे गेले तरी त्या दोघी बसून होत्या. मागच्या पायाचा गुडघा पुढे वाकतो की मागे, यावर वाद चालला होता. मुलगी म्हणत होती, मागे. आई म्हणत होत्या, "अगं, तो गुडघा नाहीच, ती टाच आहे. गुडघा वर पोटापाशी असतो. गाय बघ कधी तरी नीट." मुलगी ऐकेना. शेवटी आईंनी चपला घातल्या आणि तिला घेऊन खाली उतरल्या. कोपऱ्यावरच्या मावशी गाय बांधून चाऱ्याच्या पेंड्या विकतात. मी खिडकीतून बघितलं, तर दोघी फुटपाथवर गायीच्या मागच्या पायाशी वाकून उभ्या होत्या, आई बोटाने दाखवत होत्या, मुलगी खोडून पुन्हा काढत होती, आणि मावशी हातात पेंडी धरून त्या दोघींकडे बघत राहिल्या होत्या.